रेसिडेंट डॉक्टरांच्या मानसिक आरोग्यावर थीसिस करताय? फॉर्म वाटायच्या आधी हे ठरवा

थीसिसचे विषय ठरायला लागले की 'पीजी रेसिडेंट्समधलं बर्नआउट' (म्हणजे कामाने पार पिळून निघणं) किंवा 'इंटर्न्समधलं डिप्रेशन आणि झोप' असे एकदोन प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचे आराखडे, येतातच. मी इथे इंदूरमध्ये एका एथिक्स कमिटीत सोशल सायंटिस्ट म्हणून बसते, डॉक्टर नाही, पण घरात आणि शेजारीपाजारी डॉक्टर होऊ घातलेली मुलं भरपूर पाहिली आहेत, त्यामुळे हा विषय कोणी घेतला की मला मनापासून बरं वाटतं. अडचण पुढे येते. एथिक्सच्या रकान्यात एकच ओळ असते, "लेखी संमती घेतली जाईल व माहिती गुप्त ठेवली जाईल." संमती कोण घेणार, कुठे, कोणासमोर, कोणी नाही म्हणालं तर काय, आणि रात्री दोन वाजता एखाद्या मुलीने फॉर्मवर लिहिलं की जगावंसं वाटत नाही, तर ते कोण वाचणार आणि कधी? यातलं काहीच लिहिलेलं नसतं. पीजी आणि त्यांच्या तरुण गाइड लोकांसाठी हे सगळं एकदा नीट, क्रमाने लिहून काढतेय.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. रेसिडेंटने नाही म्हटलं तर त्याचं काही बिघडता कामा नये आणि खरं सांगितलं तरी काही बिघडता कामा नये. प्रोटोकॉलमधलं प्रत्येक वाक्य या दोन गोष्टींवर तपासायचं.

डॉक्टर कसला दुबळा?

हा प्रश्न दर मीटिंगला कोणीतरी विचारतंच. शिकलेला आहे, इंग्रजी वाचतो, संमती म्हणजे काय हे त्याला पेशंटपेक्षा जास्त कळतं, मग कसली काळजी. पण आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये उतरंडीत खाली असलेले लोक, म्हणजे विद्यार्थी, हाताखालचे कर्मचारी, हे विशेष संरक्षण लागणाऱ्यांत धरलेत, कारण नकार दिला तर पुढे भोगावं लागेल या भीतीने ते हो म्हणू शकतात. आता जेआर-१ चं, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंटचं, बघा. त्याची ड्यूटी कोण लावतं, रजा कोण देतं, थीसिसवर सही कोण करतं, प्रॅक्टिकलला इंटर्नल म्हणून कोण बसतं? तीच तीन-चार माणसं. त्यातलंच कोणी कागद पुढे करून "बेटा, जरा भर दे" म्हणालं, तर त्या होकाराला मी तरी होकार मानत नाही.

आणि विषय किती गंभीर आहे तेही बघा. एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, टास्क फोर्सने मेडिकल विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यांच्या ऑनलाइन सर्व्हेत २५,५९० यूजी, ५,३३७ पीजी आणि ७,०३५ फॅकल्टीने भाग घेतला, आणि पीजींपैकी ३१.२ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगितलं. भाग घेणं ऐच्छिक होतं, म्हणजे ज्याला बोलायचं होतं त्यानेच फॉर्म भरला असणार, तेव्हा 'देशातला दर तिसरा पीजी' असं सरसकट लिहू नका. पण पाच हजारांतले सोळाशेच्या वर लोक हे लिहितात, यावरून तुम्ही कशाला हात घालताय ते कळावं.

पहिलं काम: नुसता टक्का काढायला जाऊ नका

'आमच्या कॉलेजात बर्नआउट इतके टक्के' एवढंच निघणार असेल तर मी दहादा विचार करा म्हणेन. २०१८ मध्ये जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये एक आढावा आला होता, १८२ अभ्यास तपासले, त्यांच्यात बर्नआउटच्या निदान १४२ वेगवेगळ्या व्याख्या सापडल्या आणि प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत कुठेही निघालं. म्हणजे अजून एक टक्का काढून कोणाचं भलं होणार? दमलेल्या माणसाची पंधरा मिनिटं घ्यायची तर त्याच्या बदल्यात बदलता येईल असं काहीतरी हाती लागलं पाहिजे. सलग ड्यूटी किती तासांची, पोस्ट-ड्यूटी ऑफ खरंच मिळतो का, रात्री जेवायला काय उघडं असतं, झोपायला खोली आहे का, स्टायपेंड वेळेवर येतो का. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी स्कीममध्ये आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांची मर्यादा लिहिलेली आहे, टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली, या दोन आकड्यांच्या शेजारी तुमच्या कॉलेजातले खरे तास मांडले तरी डीनच्या टेबलावर ठेवायला काहीतरी ठोस होतं.

प्रश्न ठरवण्याआधी चार-पाच ज्युनिअर्सशी बसून बोला, जूडाच्या, म्हणजे ज्युनिअर डॉक्टरांच्या संघटनेच्या, एखाद्या प्रतिनिधीलाही बोलवा, बाहेर चहा-पोह्यावर बसा, डिपार्टमेंटमध्ये नको. कुठला प्रश्न टोचतो आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर कोणी खरं देणार नाही हे तेच सांगतील. इंदूरच्या एमवायसारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला धार, झाबुआ, खरगोन, खंडवा, सगळीकडून पेशंट येतात, तिथल्या कॅज्युअल्टीच्या रात्रीवर परदेशी प्रश्नावली कितपत बसते हे गाइडपेक्षा जेआर-१ ला जास्त माहीत असतं.

प्रश्नावली निवडताना

मास्लॅकची बर्नआउट प्रश्नावली वापरायची तर लायसन्स विकत घ्यावं लागतं, नेटवरून कुठूनतरी उतरवलेली पीडीएफ चालत नाही, तोही एथिक्सचाच भाग आहे. कोपनहेगनची फुकट आहे, १९ प्रश्न. मन किती बरं आहे हे मोजणाऱ्या डब्ल्यूएचओ-५ मध्ये पाचच प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे, आणि त्यांची भाषा चांगली बाजू विचारणारी आहे, त्यामुळे भरणाऱ्याला ओझं वाटत नाही, मला ती आवडते. डिप्रेशनसाठीची पीएचक्यू-९ फुकट आहे आणि हिंदीतही मिळते. पण तिच्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे आणि तो घ्यायचा का हा खरा निर्णय आहे, त्यावर खाली सविस्तर लिहिते. आणि पीएचक्यूवर १० च्या वर आकडा आला म्हणजे निदान झालं असं नाही, ती चाळणी आहे. बर्नआउटसुद्धा आयसीडी-११ मध्ये, म्हणजे डब्ल्यूएचओच्या आजारांच्या वर्गीकरणात, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे, आजार म्हणून नाही. तेव्हा 'इतके रेसिडेंट मनोरुग्ण' असलं वाक्य थीसिसमध्ये, पोस्टरवर, कुठेच यायला नको.

कमिटीकडे जाताना

"फॉर्म अनामिक आहे, मग कमिटीच्या तपासणीतून एक्झेम्प्शन मिळेल ना?" ते तुम्ही ठरवायचं नाही, कमिटी ठरवते. सहभागी दबावाखालच्या गटातले असले की धोका किरकोळ वाटला तरी पूर्ण कमिटीसमोर जायची तयारी ठेवा. कमिटीचे अध्यक्ष नियमाने संस्थेबाहेरचे असतात, निम्मे सदस्यही बाहेरचे हवेत, पण बाकीचे आतलेच असतात आणि कधी तुमचे गाइड किंवा एचओडीच त्यात निघतात. त्यांनी त्या चर्चेच्या वेळी बाहेर जायचं असतं, मिनिट्समध्ये तशी नोंद व्हायला हवी, आणि ती मागायला लाजू नका.

प्रोटोकॉलसोबत एक कागद आवर्जून जोडा, प्रशासनाबरोबरचा लेखी करार. त्यात लिहून घ्या की कच्चा डेटा डीन, एचओडी, वॉर्डन कोणालाही मिळणार नाही, कोणी भाग घेतला आणि कोणी नाही याची यादी कोणाला दिली जाणार नाही, आणि निकाल नकोसे निघाले तरी छापण्यावर रोक नसेल. हे अभ्यास सुरू व्हायच्या आधी व्हायला हवं, कारण आकडे वाईट निघाल्यावर असल्या कागदावर कोणी सही करत नाही.

माणसं कशी बोलवायची (इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा)

गाइडने बोलवायचं नाही. एचओडी असलेल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लिंक टाकायची नाही. राउंडवर, सेमिनारनंतर, अटेंडन्सच्या वेळी फॉर्म वाटायचे नाहीत. तुम्ही स्वतः जेआर-३ असाल तर जेआर-१ साठी तुम्हीच वरचे आहात हे विसरू नका, तुमचा आवाजही त्याला हुकमासारखाच ऐकू येतो, तेव्हा दुसऱ्या डिपार्टमेंटचा कोणी, किंवा डीएव्हीव्हीचा, म्हणजे इथल्या देवी अहिल्या विद्यापीठाचा, सायकॉलॉजी-सोशल वर्कवाला एखादा विद्यार्थी, ज्याचा यांच्या परीक्षेशी-रजेशी काही संबंध नाही, असा माणूस ठेवा.

कागदी फॉर्म असेल तर एक साधी युक्ती आहे. सगळ्यांना सारखं पाकीट द्या आणि सांगा की भरा किंवा कोरा ठेवा, पण पाकीट बंद करून पेटीत प्रत्येकाने टाका. मग कोणी भरला आणि कोणी नाही हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. नुसतं "ज्यांना भरायचा नाही त्यांनी जाऊ शकता" म्हटलं की उठून जाणारा सगळ्यांसमोर उठून जातो, म्हणजे कोणीच जात नाही.

बक्षीस म्हणून अटेंडन्स, इंटर्नल मार्क, सुट्टी, यातलं काही नको. पोहे-जलेबी ठेवायचे असतील तर खोलीत आलेल्या सगळ्यांना, कोरं पाकीट टाकणाऱ्यालाही. आणि वेळ कुठली? छत्तीस तासांची ड्यूटी करून आलेल्याची झोप मोडून झोपेवरचा फॉर्म भरून घेऊ नका, कामाच्या वेळेतली पंधरा मिनिटं मागून घ्या, आणि ती सगळ्या बॅचसाठी मागा, नावं देऊन नाही. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीवर, म्हणजे जिल्ह्याच्या हॉस्पिटलात काम करायला, तीन महिने बाहेर गेलेले पीजी सुटतात, त्यांना ऑनलाइन सामील करा, बाहेरच्या जिल्ह्यात एकटे राहणाऱ्यांचं ऐकायला तर हवंच.

माहितीपत्रक हिंदी आणि इंग्रजी दोन्हीत ठेवा, सरकारी कॉलेजात पीजीच्या निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्याच्या, तेव्हा केरळचा मुलगाही असणार आणि भिंडचाही.

नाव नसलं तरी माणूस ओळखू येतो

फॉर्मवर नाव नाही म्हणून तो अनामिक होत नाही. स्किनला एका वर्षाला चारच पीजी, त्यात एकच मुलगी, एकच लग्न झालेली. तुम्ही विचारलं ब्रांच, वर्ष, लिंग, वैवाहिक स्थिती, झालं, सगळ्या कॉलेजला कळलं हे कोणाचं. म्हणून ब्रांचऐवजी सर्जिकल, मेडिकल, पॅरा-क्लिनिकल असे गट ठेवा, वय पाच-पाच वर्षांच्या टप्प्यात घ्या, विश्लेषणात लागणारच नसेल ती माहिती विचारूच नका, आणि ज्या खान्यात पाचापेक्षा कमी माणसं आली तो खाना तक्त्यात छापू नका, शेजारच्यात मिळवा.

गूगल फॉर्म असेल तर ईमेल गोळा करायची सेटिंग बंद आहे का ते स्वतः तपासा. 'एकदाच उत्तर' ही सेटिंग लावली की साइन-इन मागतं, आणि साइन-इन दिसलं की कोणी विश्वास ठेवत नाही, ईमेल तुमच्यापर्यंत पोचत नसला तरी. फॉर्म डिपार्टमेंटच्या कॉमन अकाउंटवर तर मुळीच बनवू नका, त्याचा पासवर्ड क्लार्कपासून सगळ्यांकडे असतो.

अजून एक, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. अनामिक फॉर्मला सही केलेलं संमतीपत्र जोडलं की ती सहीच ओळखपत्र झाली. अशा वेळी कमिटीकडे सही माफ करून मागा, माहितीपत्रक वाचून फॉर्म भरणं हीच संमती धरता येते. सहा महिन्यांनी परत तोच फॉर्म भरून घ्यायचा असेल तर कोड त्यांनाच बनवू द्या, आईच्या नावाचं दुसरं अक्षर, स्वतःचा जन्ममहिना, असं काहीतरी, म्हणजे जोड्या लागतात आणि यादी कुठेच राहत नाही.

नववा प्रश्न

आता ते खाली ठेवलेलं. विचारल्यामुळे मनात विचार येतो ही भीती काढून टाका, त्यावर अभ्यास झालेत आणि नीट विचारल्याने धोका वाढतो असं दिसलेलं नाही. प्रश्न वेगळा आहे. तुम्ही अनामिक फॉर्म वाटले, तीन महिन्यांनी एक्सेलमध्ये भरायला बसलात आणि दिसलं की कोणीतरी 'जवळपास रोज' वर खूण केलीय. कोण, माहीत नाही. आज कुठे आहे, माहीत नाही. त्या माणसाने तुम्हाला सांगितलं होतं आणि ते पाकिटात पडून राहिलं. असं होऊ शकतं हे माहीत असताना तसाच अभ्यास मंजूर करायला माझा हात उठत नाही.

प्रामाणिक रस्ते तीनच दिसतात मला.

एक, पूर्ण अनामिक ठेवा आणि तसं ठळक लिहा की 'तुम्ही इथे जे लिहाल ते आम्ही तुमच्याशी जोडू शकत नाही, म्हणून मदत हवी असेल तर हा फॉर्म पुरेसा नाही, इथे फोन करा'. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस, १४४१६, फुकट, चोवीस तास. ऑनलाइन फॉर्ममध्ये उत्तरानुसार पुढचं पान बदलता येतं, पण पीएचक्यू ग्रिडमध्ये टाकली तर ते चालत नाही, म्हणून नववा प्रश्न वेगळा, एकाच उत्तराचा ठेवा. मदतीचं पान मात्र सगळ्यांनाच दाखवा.

दोन, कोड ठेवा, कोडची चावी कॉलेजबाहेरच्या एका सायकियाट्रिस्टकडे ठेवा, उत्तरं रोज बघा, आणि नवव्यावर शून्याच्या वर काही आलं तर त्याच दिवशी त्यांनी स्वतः संपर्क करायचा. गाइडला, वॉर्डनला, घरी, कोणाला काय कधी कळवलं जाईल हे संमतीपत्रात आधी लिहायचं. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ मध्ये गोपनीयता हा हक्क आहे, जिवाला धोका असताना तिला अपवाद आहे, पण धोका टाळायला लागेल तेवढीच माहिती, त्याच्यापुढे एक शब्द नाही.

तीन, यातलं काही जमणार नसेल तर नववा प्रश्न वगळा आणि पीएचक्यू-८ वापरा. ती याचसाठी आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण मदतीचं पान तरीही ठेवा.

कॉलेजबाहेरचा सायकियाट्रिस्ट का म्हणतेय? कारण कॉलेजच्या ओपीडीत रेसिडेंटला बघणारे त्याचे सर असतात, चिठ्ठी लिहिणारा त्याचा बॅचमेट असतो. तिथे तो जात नाही. त्याचे पैसे कोण देणार हे बजेटमध्ये लिहा, आणि प्रोटोकॉलमध्ये छापलेला प्रत्येक नंबर आधी स्वतः लावून बघा.

रॅगिंग किंवा लैंगिक छळ निघाला तर काय, हेही आधीच ठरवा. तक्रार कुठे करायची याचा पत्ता, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची इंटर्नल कमिटी, अँटी-रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, हे सगळ्यांना द्या, पण सांगणाऱ्याच्या वतीने परस्पर तक्रार करू असं गृहीत धरू नका आणि 'काहीही झालं तरी कोणाला सांगणार नाही' असं वचनही देऊ नका.

मुलाखती घेणार असाल तर

खोली डिपार्टमेंटबाहेर, होस्टेलबाहेर. रेकॉर्डिंग तुमच्या रोजच्या फोनमध्ये नको, टाइप करून झालं की पुसून टाका, आणि टाइप करायला बाहेर दिलंत तर त्या माणसाकडूनही गोपनीयतेची सही घ्या.

आपल्या इंदूरची एक गोष्ट यात येते. इथला मराठी मुलगा घरी मराठी बोलतो, वॉर्डात हिंदी आणि केस शीटवर इंग्रजी, त्यामुळे मराठी मुलाखतकार मिळाला की मनातलं जास्त येईल असं आपल्याला वाटतं, आणि कधी येतंही. पण लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, आपण सगळे एकमेकांच्या कोणी ना कोणी लागतोच, मुलाखत घेणारी ताई आत्याच्या भिशीतली निघाली की पोरगा गप्प. आई-बाबांनी कर्ज काढून शिकवलंय, त्यांना हे कळू नये एवढंच त्याला हवं असतं. म्हणून भाषा आणि माणूस दोन्ही त्याला निवडू द्या, कोण मुलाखत घेणार ते नाव आधी सांगा, आणि ओळखीचं निघालं तर कारण न विचारता बदला.

आणि अवतरणं. 'त्या दिवाळीच्या रात्री कॅज्युअल्टीत जो राडा झाला तेव्हा मी एकटाच होतो', नाव कशाला हवंय मग? असं वाक्य छापायच्या आधी त्यालाच दाखवा, सण बदला, प्रसंग गाळा, तो नको म्हणाला तर काढा.

काही उपाय करून बघायचा असेल तर

योग, माइंडफुलनेस, मेंटॉरिंग वगैरे. सेशन सक्तीचं असेल आणि 'अभ्यास ऐच्छिक' असेल तर ते वेगवेगळं समजावून सांगा, आणि ड्यूटीनंतरचा तास त्यात घालवू नका. ट्रायल असेल तर पहिला सहभागी घ्यायच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी झालीच पाहिजे.

ड्यूटीचे तास बदलून बघायचे असतील तर अमेरिकेतलं प्रकरण जरूर समजून घ्या. तिथे फर्स्ट नावाच्या ट्रायलमध्ये सर्जरीचे ११७ आणि आयकम्पेअरमध्ये मेडिसिनचे ६३ ट्रेनिंग प्रोग्रॅम होते, काहींना शिफ्टच्या लांबीची मर्यादा सैल करून दिली, आठवड्याची ८० तासांची तशीच ठेवली. प्रोग्रॅमने होकार दिला, पण रेसिडेंटना एकेकट्याला विचारलं नाही. पब्लिक सिटिझन ही ग्राहकहक्क संस्था आणि तिथल्या मेडिकल विद्यार्थ्यांच्या संघटनेने २०१५ मध्ये यावर सरकारकडे तक्रार केली. ट्रायलच्या बाजूचे लोक म्हणतात की आख्ख्या युनिटचा रोस्टर एकेकट्याच्या संमतीने बदलता येत नाही, आणि ते खरंही आहे. पण माझं मत स्पष्ट आहे, रोस्टर जरी एचओडीच्या परवानगीने बदलला तरी त्या माणसाची प्रश्नावली, त्याची झोप, त्याचा डेटा हा त्यालाच विचारून घ्यायचा, आणि त्या रोस्टरमधून बाहेर पडायचा काहीतरी मार्ग ठेवायचा.

निकाल आधी कोणाला

ज्यांनी फॉर्म भरले त्यांना. कॉन्फरन्सला, जर्नलला, पेपरवाल्यांना नंतर. एक पानाचा साधा सारांश हिंदीत करा, मेसच्या बोर्डवर लावा, दोन वेगवेगळ्या वेळी बोलवून सांगा म्हणजे ड्यूटीवाले सुटणार नाहीत. डिपार्टमेंटवार क्रमवारी लावू नका, कुठलं डिपार्टमेंट सगळ्यात वाईट हे छापून आलं की तिथल्या जेआर-१ नाच "तुमने क्या लिखा था" विचारलं जातं. पत्रकाराने फोन केला तर आत्महत्येची पद्धत, जागा, कुठलाही एक प्रसंग यावर बोलू नका आणि बातमीत हेल्पलाइन द्यायला सांगा.

डीनला द्यायच्या कागदात शिफारसी तीन-चारच ठेवा, प्रत्येकीपुढे कोणी करायचं आणि कधीपर्यंत ते लिहा, आणि त्याची एक प्रत एथिक्स कमिटीला पाठवा. आम्ही ती पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घेऊ शकतो आणि सहा महिन्यांनी काय झालं ते विचारू शकतो, तेवढा अधिकार कमिटीकडे आहे, फक्त तुम्ही कागद पाठवला पाहिजे.